परसातले मासे आणि आबांची तुरटी

व्हिडिओतला तो माणूस सारखा हसत होता, तिथंच मला शंका यायला हवी होती. घरामागच्या हिरवळीवर उभा राहून तो सांगत होता, खाली टाकी, टाकीत मासे, वर खडी भरलेला वाफा, वाफ्यात भाजी. माशांची घाण भाजीला खत, भाजीनं गाळलेलं पाणी पुन्हा माशांना, आणि तेच पाणी वर्षभर फिरत राहणार. तेच पाणी वर्षभर! आमच्याकडं त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला, भांडी विसळलेलं फरशीला आणि फरशीचं संडासात, असा पाण्याचा प्रवास चालायचा. त्यात वर्षभर टिकणारं पाणी कुणी दाखवलं तर माणूस भुलणार नाही तर काय. मी भुलले. तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. त्या माणसाच्या मागं भिंतीला एक जाडजूड नळ होता, तो मला चारही वेळा दिसला नाही.

आम्ही राहतो औरंगाबादच्या सातारा परिसरात, बीड बायपासच्या पलीकडं. शहर तेव्हा, म्हणजे त्याचं नाव बदलायच्या आधी, सगळ्या बाजूंनी फुगत होतं. आज जिथं ज्वारी दिसायची तिथं पुढच्या दिवाळीला प्लॉटचे दगड रोवलेले असायचे, आणि त्यापुढच्या दिवाळीला तिथल्या बाया आमच्याच टँकरच्या रांगेत उभ्या. घरं आली, गेटं आली, गेटांवर कुत्र्यापासून सावध राहायच्या पाट्या आल्या, आमच्या गल्लीत नळ तेवढा आला नाही. लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळात आमच्या बोअरनंही मान टाकली. मग आठवड्याला एक टँकर, अर्धा आमचा, अर्धा शेजारणीचा. तो कधी येणार हे फक्त टँकरवाल्याला ठाऊक.

पण मासे पाळायचं खूळ डोक्यात शिरलं ते पाण्यामुळं नव्हे. आबांमुळं.

आबा म्हणजे माझे वडील. वैजापूरकडच्या आमच्या गावात त्यांनी उभा जन्म मेंढरं राखली. त्या साली गावची विहीर आटली, चारा संपला, आणि त्यांनी सगळा कळप बाजारात नेऊन विकला. आई त्याआधीच गेली होती. मी एकुलती एक लेक, मी त्यांना घरी घेऊन आले. ते आले, पण पाहुण्यासारखे. लेकीच्या घरी मुक्काम ठोकणं त्यांच्या पिढीला पटत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला तीनदा विचारलं, "बाई, मी हितं करू काय?" मी म्हणायचे, "काही करू नका, आराम करा." आराम हा शब्द ऐकला की त्यांचं तोंड उतरायचं. जन्मभर ज्यांनी सकाळी उठून आधी जनावरं मोजली ते आता उठून गल्लीतल्या मोटारसायकली मोजायचे. खरंच मोजायचे. "आज सात हायती, काल नऊ व्हत्या," असं जेवताना सांगायचे. दर पंधरा दिवसांनी ते गावी जायला पिशवी भरत आणि मी ती रिकामी करत असे. गावात त्यांना एक घोट पाणी आणून देणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांना धरून ठेवायचं तर घरात काहीतरी जिवंत, राखायला लागणारं पाहिजे, एवढं मला कळत होतं. शेळी बांधली असती तर गल्ली अंगावर आली असती. मासे ओरडत नाहीत. मासे आणले की आबा त्यांना राखतील आणि राहतील, असा माझा सरळ विचार होता.

तो विचार पुढं मी स्वतःच विसरले. ते सगळं आता सांगते, कारण दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय उरलेली नाही.

भंगार बाजारातून दोन निळे ड्रम आणि एक जुनी काळी टाकी आणली. नवरा वाळूजच्या कारखान्यात, शिफ्टचा माणूस. त्यानं सुट्टीच्या दिवशी ड्रम उभे चिरले आणि लोखंडी घोडीवर आडवे मांडून दिले. खडी समोरच्या अर्धवट बांधकामावरून मागून आणली. पंप म्हणून कूलरची मोटर काढली, त्यामुळं पुढच्या उन्हाळ्यात आम्ही घामानं भिजून झोपलो आणि टाकीतलं पाणी मात्र मजेत फिरत राहिलं. सगळ्यात जास्त छळलं ते सायफननं. वाफ्यात पाणी एका उंचीपर्यंत चढलं पाहिजे आणि मग आपोआप एकदम खाली टाकीत उतरलं पाहिजे, एवढंच त्या पाइपचं काम. ते तो करायचा नाही. एक तर पाणी चढत राहून काठावरून सांडायचं, नाही तर थेंब थेंब गळत बसायचं. मी तीन रविवार त्या पाइपाशी भांडले, तेव्हा कुठं तो चालला. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, पोरांना सायफनचं तत्त्व फळ्यावर काढून दाखवलेली बाई आहे. फळ्यावर तो नेहमी चालतो.

आबा बाजेवर बसून हे बघत असायचे. मी त्यांना समजावून सांगितलं. माशांच्या घाणीत अमोनिया असतो, खडीवर जीवाणू वाढतात, ते त्याचं नायट्रेट करतात, ते मुळं शोषून घेतात. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मेंढरं बसवल्यावानी," ते म्हणाले.

आमच्याकडं कळप रात्रीचा शेतकऱ्याच्या रानात बसवायची रीत होती. लेंडी-मुतानं रान खतवायचं, आणि त्या बदल्यात शेतकरी दाणे द्यायचा. आबांनी आयुष्यभर हेच केलं होतं. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशीही त्यांनी कळप बसवले होते, जिथं आता सिमेंटचे रस्ते झालेत. माझी सगळी जीवाणूंची कथा त्यांनी तीन शब्दांत गुंडाळली होती आणि ती बरोबर होती. पण मला राग आला. तीन रविवार मी त्या पाइपाशी झगडावं आणि शेवटी सगळं निघावं मेंढरं बसवल्यावानी!

"तसं नाही ते आबा," मी म्हटलं. "हे शास्त्र आहे."

"बरं," ते म्हणाले.

मासे आणले जायकवाडीकडून. प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या पिशवीत चिलापीची बोटुकली, म्हणजे करंगळीएवढी पिल्लं. दोनशेच्या खाली देत नाहीत म्हणाले, म्हणून दोनशे. घरी आल्या आल्या पिशवी टाकीत सोडली. तासाभरात एकेक करून सगळी उलटी झाली. दोनशेच्या दोनशे. आबा काठीनं त्यांना हलवून बघत होते आणि मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले होते. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा मी टँकरवाल्यावरच घसरले.

तो हसायलाच लागला. "मैडम, इसमें पावडर डालते ना हम, बीमारी नै होना करके. आदमी का पानी है ये. मच्छी को पूछ के डालते क्या?"

क्लोरीन! टँकरच्या पाण्यात क्लोरीनची पावडर असते हे प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढलेल्या बाईला सुचू नये? शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "वैनी, आमाला प्यायला मिळंना आनि तुमी मासं बुडवून मारायलेत व्हय?" तिचं खरंच होतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती म्हणूनच.

त्या दिवसापासून मी मासे ही गोष्ट हातात घेतली. पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच टाकीत जाणार. आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या, वही घातली, रोज सकाळी तपमान आणि आम्लता लिहायची. खाद्य चहाच्या चमच्यानं मोजून, मीच घालणार. प्रयोगशाळेच्या अडगळीत एक पत्र्याची पाटी पडून होती, पूर्वी ॲसिडच्या कपाटावर असायची. ती साहेबांना विचारून घरी आणली आणि टाकीच्या वर भिंतीत ठोकली. 'हात लावू नये.' आबांना वाचता येत होतं. त्यांनी पाटी वाचली आणि बाज दोन हात मागं ओढून घेतली.

दुसऱ्या खेपेची दोनशे बोटुकली जगली. वाफ्यात मेथी उगवली, पुदिना तर माजला. मी खुशीत होते, कॉलेजात सगळ्यांना फोटो दाखवत होते. आबा मात्र एके दिवशी म्हणाले, "बाई, मासं लई झालं. एवढ्याशा रानावर दोनशे मेंढरं बसवीत नसत्यात. लेंडी जास्त झाली की पीक जळतं. निम्मी काढून टाक."

"वहीत सगळं ठीक आहे," मी म्हटलं.

"वहीला वास येतो का?"

ते माझ्या डोक्यात गेलं. पाण्याला वास येत होता हे खरं होतं. मेथीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या तेही खरं होतं. मी ते उन्हावर ढकललं. आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. मासे सकाळी सगळे टाकीच्या एकाच कोपऱ्यात, आबांच्या बाजेकडच्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. तिथं हवा जास्त मिसळत असेल म्हणून मी पाण्याचा पाइप सरकवून दुसऱ्या टोकाला नेला. मासे तरी तिथंच. पाइप पुन्हा सरकवला. मासे तिथंच. शेवटी वहीत लिहिलं, 'वर्तन अनियमित.'

मग पुन्हा उन्हाळा आला, आणि मे महिन्यात टँकर चुकला. एक आठवडा गेला, दुसऱ्या आठवड्याचे तीन दिवस गेले. टँकरवाला फोन उचलेना. उन्हानं टाकीतलं पाणी अर्ध्यावर आलं, मासे एकमेकांवर चढू लागले. शेवटी एकदाचा टँकर आला, पण पाणी असलं मातकट की चहा ओतल्यासारखं. ते तसंच सिमेंटच्या हौदात पडलं. स्वयंपाकघराबाहेर आमची प्यायच्या पाण्याची दोन पिंपं असत, तीही भरून घेतली. दोन दिवसांनी मी बघितलं तर हौद अजून गढूळ आणि पिंपांतलं पाणी आरशासारखं. मला काय वाटलं सांगते. मला वाटलं, झाकण घट्ट असलं की गाळ लवकर बसतो. पुढं विचारच केला नाही. संध्याकाळी दोन्ही पिंपं मी एकटीनं कलती करून, तळाच्या गाळासकट, माशांच्या टाकीत ओतली. आबा बाजेवरून बघत होते. त्यांनी काही तरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मी म्हटलं, "थांबा आबा, आत्ता मध्ये बोलू नका."

सकाळी टाकी पांढरी दिसत होती. पोटं वर करून मासेच मासे. पाण्यात भिजल्या कापसासारखे पुंजके तरंगत होते. मी पट्टी बुडवली, तर तिचा रंग असा उतरला की मला वाटलं पट्टीच खराब आहे. दुसरी बुडवली, तीही तशीच. पाणी आंबलं होतं. आणि टाकीशेजारी आबा उभे, आणि त्यांच्या हातात तुरटीचा खडा.

आमच्याकडं तुरटी घरोघरी असते. गढूळ पाण्यात खडा धरून गोल फिरवायचा, गाळ खाली बसतो. रानात मुक्काम असला की आबा डबक्याचं पाणी असंच निवळून प्यायचे, खडा कायम कमरेच्या पिशवीत. मी तो खडा बघितला आणि मला सगळं दिसलं, म्हणजे मला तसं वाटलं.

"तुम्ही पाण्यात तुरटी फिरवली?"

"व्हय, फिरवली. परवा टँकर आला तवा..."

"परवा फिरवली का काल फिरवली ते मला नका सांगू! तुम्हाला काय कळतं यातलं? पाटी वाचता येते ना? आठ महिने मी जिवापाड सांभाळलं, एक दिवस तुम्हाला हात आवरता आला नाही?"

नवरा रात्रपाळीहून नुकताच आला होता, दारात उभा होता. जावयासमोर बोलले मी हे. सगळं बोलले. आबांनी खडा कमरेच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीची नाडी ओढली. मग त्यांनी वाकून टाकीत निरखून बघितलं, आणि जे अजून तोंड हलवत होते ते मासे ओंजळीनं हौदात नेऊन सोडू लागले. मी कॉलेजला निघून गेले. संध्याकाळी आले तर बाज भिंतीला टेकवून उभी केलेली होती. त्यांची पिशवी नव्हती. मामांना मी बसस्टँडवर सोडून आलो, नवरा म्हणाला; आबांना तो मामा म्हणतो. तू अडवलं का नाहीस, असं त्याला विचारायचा अधिकार मला नव्हता, तरी मी विचारलं. तो म्हणाला, "आजवर तू अडवत होतीस."

पुढच्या आठवड्यात टँकर आला. पाणी पुन्हा तसंच मातकट. पिंपं भरली, झाकणं घट्ट लावली. दोन दिवसांनी तांब्या बुडवला तर पाणी गढूळ. तिसऱ्या दिवशी गढूळच. मी वैतागून म्हटलं, "या वेळी गाळ बसत का नाही?"

नवरा भाकरी मोडत होता. "तुरटी कोण फिरवणार? मामा फिरवायचे ना, टँकर आला की दर वेळी. तू कॉलेजात असायचीस."

"कशात फिरवायचे?"

"पिंपात. आणखी कशात?"

माझ्या हातातला तांब्या मी तसाच ओट्यावर ठेवला. वर्षभर मी घरी येऊन स्वच्छ पाणी प्याले होते आणि एकदाही विचारलं नव्हतं की या गल्लीत आमच्याच पिंपात पाणी एवढं निवळ कसं. तुरटी पिंपात होती. पिंपं टाकीत मी ओतली होती, गाळासकट. आबांनी पाटी इतकी पाळली होती की माशांच्या पाण्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मासे मी मारले होते, दोन्ही वेळा मीच. शरम वाटली, आणि शरमेहून जास्त राग आला, आणि या वेळी तो काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

रविवारी सकाळची एसटी धरून गावी गेले. आबा कुणाच्या तरी चार शेळ्या घेऊन बाभळीखाली बसले होते. अंगानं वाळले होते. गावातल्या टँकरसाठी ते कळशी घेऊन उभे राहत, हे वाटेतच एका चुलतीनं मला सुनावलं होतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती, पिंपं मी ओतली होती, तुम्हाला उगाच बोलले.

"ठावं हाय," आबा म्हणाले. "तू वतत व्हतीस तवा बघितलं की मी. सकाळी तेच सांगाया खडा काढला व्हता."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तूच म्हनलीस ना, मधी बोलू नका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "चला घरी. एकवीस वाचलेत. तुम्ही हौदात सोडले होते तेवढेच, टाकी धुऊन मी परत आत सोडलेत. आता ते तुमचे."

आबांचा चेहरा जरा उजळला. "एकवीस का? बरं झालं. भाकर घालतीस का त्यास्नी?"

"भाकर?"

"सकाळी तू गेलीस की घालायचो की. अर्धी भाकर, चुरून. हाक मारली की यायचे कोपऱ्यात. तुझ्या त्या चमच्यात काय पोट भरतंय त्यांचं? पानी तेवढं हाताला लागू दिलं नाय, पाटी व्हती ना."

आणि मी, माफी मागायला गेलेली बाई, तिथल्या तिथं उसळले. "आबा! रोज अर्धी भाकरी? अहो म्हणूनच पाण्याला वास येत होता! मी वहीत डोकं फोडत होते! पाइप सरकवून सरकवून कंबर मोडली माझी!"

शेळ्या दचकून उठल्या. आबा त्यांच्यामागं गेले. परत आले तेव्हा माझा राग उतरला होता, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"एकविसाला राखणदार कशाला लागतो बाई," ते शांतपणे म्हणाले. "तू हायस की. रोज मोजून सांगत जा मला फोनवर, झालं." एसटीपर्यंत ते सोडायला आले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून तुरटीचा तो खडा माझ्या हातात दिला. "धा येळा फिरवायचा, जास्त नाय. आनि तळाचं पानी टाकून द्यायचं." तळाचं पाणी टाकून द्यायचं हे मला तिथं, एसटीच्या खिडकीत कळलं.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी आठ वाजता फोन. "किती हायती?" "एकवीस." "बरं." आणि फोन बंद. घरी या म्हटलं की ते शेळ्यांचं निमित्त सांगत. मेथी या वेळी हिरवीगार आली होती, कडा पिवळ्या नाहीत, पाण्याला वास नाही. एकवीस मासे आणि दोन ड्रम, एवढंच त्या रानाला पुरेसं होतं, आबांनी सांगितलं होतं तसं. वही मी कधीच बंद केली होती. मेथीची पहिली चांगली जुडी एसटीनं गावी पाठवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, खाल्ली का? म्हणाले, "शेळीला घातली. लई खुशीत खाल्ली." मी फोन आपटला.

एक दिवस सकाळी मोजले तर वीस. पुन्हा मोजले, वीस. एक मासा मांजरानं भिंतीवर नेऊन खाल्ला होता, डोकं नाही, नुसतं शेपूट उरलेलं. फोन वाजला.

"किती हायती?"

एकवीस म्हणावंसं वाटलं. जीभ वळली नाही. "वीस," मी म्हटलं. "मांजरानं एक नेला."

मग आबांनी विचारलं, "कंचं गेलं?"

"म्हणजे?"

"म्हंजी कंचं? शेपटी फाटकं हाय का बघ."

मी फोन कानाला धरून टाकीवर वाकले. "आहे."

"कपाळावर काळा ठिपका हाय ते? आनि ते दुसरं, लई हावरट, सगळ्यांच्या पुढं येतं ते? ते तर नाय गेलं?"

मी बघत राहिले. वीस तोंडं वर आली होती, बाजेकडच्या कोपऱ्यात, उघडझाप करत. ठिपका कुठं, हावरट कोण, मला काही म्हणता काही दिसेना. आठ महिन्यांचं तपमान आणि आम्लता मी तारीखवार सांगू शकले असते.

"मला नाही माहीत आबा!" मी ओरडलेच. "मला सगळी सारखीच दिसतात! मला नाही येत हे! मला नाही कळत कोणतं गेलं!" आणि मग आवाज फुटला, तो मला आवरता आला नाही.

फोनमधून शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली. मग त्यांचा आवाज आला, कळपातलं एखादं मेंढरू मागं राहिलं की ते बाकीच्यांना थांबवून मागं फिरायचे, तेव्हाचा.

"उपाशी ठिवू नको त्यास्नी. मी येतो दुपारच्या गाडीनं. बघतो कंचं गेलं ते."

किती दिवसांसाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. फोन ठेवला आणि आधी भिंतीतली ती पाटी उपटली. मग भिंतीला टेकवलेली बाज कोपऱ्यात ओढून, टाकीला अगदी लागून आडवी टाकली, आणि डब्यातली अर्धी भाकरी काढून चुरायला बसले.